हंगाम सरल्यानंतरचे व्हेनिस

युरोपातील ज्या नगरांची चित्रे घरबसल्या सर्वांच्या परिचयाची झाली आहेत, त्यांत व्हेनिसचा क्रमांक फार वरचा लागेल. उन्हात चकाकणारे कालव्यांचे पाणी, काळ्या रंगाच्या निमुळत्या गोंडोला, पाण्यातूनच वर आल्यासारखे दिसणारे वाडे, आणि सेंट मार्कच्या चौकात कबुतरांची व माणसांची सारखीच दाटी, असे ते चित्र असते. हे चित्र खोटे नव्हे. पण ते वसंतापासून शरदापर्यंतच्या हंगामाचे आहे. ऑक्टोबर संपत आला म्हणजे प्रवाशांचा लोंढा ओसरू लागतो, खाणावळींच्या बाहेर मांडलेल्या खुर्च्या आत जातात, आकाश खाली येते आणि पाऊस सुरू होतो. शोभा पाहण्यासाठी आलेल्या मनुष्याची तेव्हा निराशा होण्याचा संभव आहे. परंतु ज्याला ह्या नगराचा इतिहास पाहावयाचा असेल, त्याने ह्याच दिवसांत तेथे जावे. कारण व्हेनिसचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे, आणि ते पाणी आपले खरे स्वरूप ह्याच महिन्यांत प्रकट करते.

नोव्हेंबरातील व्हेनिसचा पाऊस आपल्याकडील पावसासारखा नसतो. तेथे सबंध वर्षात मिळून जेवढा पाऊस पडतो, तेवढा मुंबईला एकट्या जुलै महिन्यात पडून जातो. पण हा पाऊस धुक्याला सोबत घेऊन येतो. सकाळी कालव्यापलीकडची घरे दिसत नाहीत. होड्यांचे आवाज आधी कानी येतात आणि होड्या मागाहून दिसतात. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी छत्री तिरपी करावी लागते. अशा एखाद्या पहाटे भोंगा वाजतो. तो थांबल्यावर एकापाठोपाठ एक चढत जाणारे सूर ऐकू येतात आणि नगरवासी अंथरुणात पडल्या पडल्या ते मोजतो. एक सूर म्हणजे पाणी ११० सेंटिमीटरपर्यंत चढणार, दोन म्हणजे १२०, तीन म्हणजे १३०, आणि चार म्हणजे १४० किंवा त्याहून अधिक. ही मापे १८९७ साली ठरविलेल्या समुद्रपातळीच्या खुणेपासून घेतली जातात. दुकानदार तळमजल्यावरचा माल वरच्या फळीवर हलवितो, दाराशी पाणी अडविण्याची पाटी बसवितो आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून ठेवतो. सखल भागांत पालिकेचे लोक लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून पायवाटा तयार करतात.

आजचा प्रवासी ज्याला हंगाम सरला असे म्हणतो, तो काळ व्हेनिसच्या दृष्टीने नेहमीच रिता होता असे मात्र नाही. प्रजासत्ताकाच्या भरभराटीच्या दिवसांत स्थिती जवळजवळ उलट होती. अलेक्झांड्रियाकडे जाणारे सरकारी गलबतांचे तांडे उन्हाळ्याच्या अखेरीस निघत आणि मिरी, सुंठ, दालचिनी लादून हिवाळ्याच्या तोंडी परतत. तो माल उचलण्यासाठी आल्प्स पर्वत ओलांडून आलेले जर्मन व्यापारी रिआल्तोजवळच्या आपल्या वखारीत उतरत. पुढे अठराव्या शतकात व्यापार खालावला, तरी नाटकगृहे ऑक्टोबरातच उघडत आणि डिसेंबरच्या २६ तारखेपासून कार्निव्हल सुरू होई. मुखवटे घालून हिंडण्याची मुभा तर त्याही आधी, ऑक्टोबरातच मिळे. युरोपातील धनिक तरुण व्हेनिसला येत ते ह्या हिवाळी करमणुकीसाठी. उन्हाळ्यात नगराला कालव्यांची दुर्गंधी असे, आणि सरदारमंडळी ब्रेंता नदीकाठच्या आपल्या वाड्यांत राहावयास जात.

हा क्रम उलटला तो एकोणिसाव्या शतकात. १८४६ साली रेल्वेचा पूल होऊन व्हेनिस प्रथमच भूमीशी जोडले गेले. १८५७ साली समोरच्या लिदो बेटावर समुद्रस्नानाची सोय झाली. पुढे १९०८ साली तेथे एक्सेल्सिअर हे भव्य हॉटेल उघडले आणि १९३२ पासून चित्रपट महोत्सव भरू लागला. युरोपला उन्हाची आणि समुद्रस्नानाची गोडी लागली, आणि त्या गोडीबरोबर व्हेनिसचा हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात सरकला. सारांश, व्हेनिस म्हणजे उन्हाळ्याचे शहर ही समजूत फार तर दीडशे वर्षांची आहे. त्याआधीची कित्येक शतके ह्या नगराने आपली महत्त्वाची कामे धुक्यात आणि पावसातच उरकली.

मुळात हे नगर पाण्यात वसले का, ह्याचे उत्तर भीती हे आहे. रोमन साम्राज्य कोसळत असताना उत्तरेकडून टोळ्यांमागून टोळ्या इटलीत उतरल्या. ४५२ साली अट्टिलाने अक्विलेइया हे समृद्ध नगर धुळीस मिळविले. ५६८ साली लॉम्बार्ड आले. मैदानातील लोक जीव वाचविण्यासाठी किनाऱ्यालगतच्या उथळ खाऱ्या पाण्यातील चिखलाच्या बेटांवर जाऊन राहिले. ह्या पाण्याला लगून म्हणतात. समुद्र व लगून ह्यांच्या मध्ये वाळूचे लांबट पट्टे आहेत आणि त्यांतील मोजक्या तोंडांतून भरतीचे पाणी आत-बाहेर करते. घोडेस्वाराला ते फार खोल आणि परक्या गलबताला फार उथळ, म्हणून तटबंदीवाचून हे नगर सुरक्षित राहिले. सहाव्या शतकात कॅसिओडोरस ह्या राज्याधिकाऱ्याने लिहिलेल्या एका पत्रात ह्या लोकांचे वर्णन आहे. ते पाणपक्ष्यांप्रमाणे घरटी करून राहतात, जनावरे बांधावी तशा होड्या दाराशी बांधतात, आणि मीठ हेच त्यांचे पीक, अशा आशयाचे ते पत्र आहे. पुढे चिखलात लाकडाचे खुंट दाटीने ठोकून त्यांवर दगडी पाया रचण्याची विद्या त्यांनी साध्य केली. चिखलात हवा पोहोचत नसल्यामुळे ते लाकूड शतकानुशतके टिकते. त्यावर इस्त्रियाच्या किनाऱ्यावरून आणलेला, पाणी न शोषणारा पांढरा दगड, आणि त्याच्यावर विटांची भिंत, अशी येथील घरांची बांधणी आहे.

चोहोंकडे पाणी असलेल्या ह्या नगरात पिण्यास मात्र पाण्याचा थेंब नव्हता. बेटे खारी, कालवे खारे आणि झरा कोठेच नाही. म्हणून व्हेनिस जगले ते पावसावर. नगरातील प्रत्येक लहानमोठ्या चौकाच्या मध्यभागी कोरीव दगडी कठड्याची विहीर दिसते. प्रवासी तिचे छायाचित्र घेतो आणि पुढे जातो. वस्तुतः ती विहीर नव्हेच. ते जमिनीखालचे टाके आहे. चौक कित्येक फूट खोल खणून त्याच्या तळाला व बाजूंना चिकणमातीचा जाड थर देत, जेणेकरून बाहेरचे खारे पाणी आत येऊ नये. त्यात स्वच्छ वाळू भरीत आणि मधोमध विटांची नळी उभी करीत. वर फरसबंदी अशा उताराने घालीत की चौकात पडलेला पाऊस आणि भोवतालच्या छपरांवरून पन्हळींतून आलेले पाणी चार बाजूंच्या भोकांतून खाली उतरे, वाळूतून गाळले जाई आणि शेवटी मधल्या नळीत गोळा होई. अशी सहा हजारांहून अधिक टाकी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नगरात मोजली गेली. म्हणजे नगराचा एकेक चौक हा पाऊस झेलण्यासाठी पसरलेली ओंजळ होता.

ह्या पाण्यावर कडक नजर असे. सार्वजनिक टाक्यांच्या झाकणांना कुलूप असे आणि किल्ली वाड्यातील प्रमुखाच्या स्वाधीन असे. सकाळ-संध्याकाळ घंटा झाली की कुलूप निघे आणि बायकाबापड्या तांब्याचे हंडे घेऊन जमत. पाऊस लांबला तर पाणके लोक नदीचे गोडे पाणी होड्यांत भरून आणीत आणि टाक्यांत ओतीत. ह्या व्यवस्थेचा शत्रू एकच होता, आणि तो म्हणजे उधाण. समुद्राचे पाणी चौकावर चढले आणि टाक्यात शिरले, की वाळू खारावून जाई आणि टाके निकामी होई. म्हणूनच अनेक ठिकाणी विहिरीचा कठडा दोनतीन पायऱ्यांच्या उंचवट्यावर बसविलेला आढळतो. पावसाळी दिवशी तेथे उभे राहिले म्हणजे त्या पायऱ्यांचा अर्थ उमगतो. आकाशातून येणारे पाणी जीवन देणारे आणि समुद्रातून येणारे ते हिरावून घेणारे, आणि दोन्ही बहुधा एकाच दिवशी, एकाच वाऱ्याबरोबर येत. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि टाक्यांवरची झाकणे कायमची बंद झाली. त्या दिवसापासून व्हेनिसमध्ये पावसाला काम उरले नाही. तो केवळ अडचण होऊन राहिला.

उधाणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते. व्हेनिसला ते जेमतेम एक मीटर भरते. तेव्हा केवळ चंद्राच्या ओढीने तेथे मोठा अनर्थ होत नाही. परंतु एड्रियाटिक समुद्राचा आकार एखाद्या लांब, अरुंद गल्लीसारखा आहे आणि व्हेनिस त्या गल्लीच्या बंद टोकाशी आहे. शरद ऋतूच्या अखेरीस हवेचा दाब उतरतो, आग्नेयेकडून सिरोक्को नावाचा उबदार, दमट वारा वाहू लागतो आणि पाण्याला त्या टोकाकडे लोटीत नेतो. हा वारा आणि पौर्णिमा-अमावास्येची भरती एकाच घटकेला आली, म्हणजे लगूनमध्ये शिरलेल्या पाण्याला परतण्यास वाट मिळत नाही.

प्रजासत्ताकाच्या राज्यकर्त्यांना ह्याची पूर्ण जाण होती. त्यांना दोन भीती होत्या. नद्यांच्या गाळाने लगून भरून आले तर नगर भूमीला चिकटेल आणि त्याचे संरक्षण नाहीसे होईल ही एक. समुद्राने वाळूचे पट्टे फोडले तर नगर वाहून जाईल ही दुसरी. पहिलीसाठी त्यांनी ब्रेंता, पिआवे, सिले ह्या नद्यांची मुखेच वळवून लगूनबाहेर नेली. हे काम चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत चालले. १५०१ साली केवळ पाण्याचा कारभार पाहण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. सार्वजनिक पाण्याला जो अपाय करील तो देशाचा शत्रू समजावा, अशा आशयाचा सोळाव्या शतकातील एक शिलालेख आजही तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतो. दुसऱ्या भीतीसाठी १७४४ ते १७८२ ह्या काळात समुद्राच्या तोंडावर इस्त्रियाच्या दगडाचे प्रचंड बांध घातले गेले. हे बांध पुरे झाले आणि पंधरा वर्षांनी, १७९७ च्या मे महिन्यात, नेपोलियनच्या फौजा किनाऱ्याशी येताच महासभेने स्वतःच राज्य विसर्जित केले. हजार वर्षांच्या राजवटीची अखेरची मोठी वास्तू राजवाडा नव्हती की विजयस्तंभ नव्हता. ती समुद्राला अडविणारी भिंत होती.

नोव्हेंबरात जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. १६३० साली नगरात प्लेग शिरला आणि सुमारे १ लाख ४० हजार वस्तीतील ४६ हजार माणसे पुढच्या वर्षभरात मृत्युमुखी पडली. साथीशी झुंजण्याचा व्हेनिसला मोठा अनुभव होता. १४२३ सालीच त्याने रोग्यांसाठी एका स्वतंत्र बेटावर कायमचे रुग्णालय उभारले होते, आणि परदेशी गलबतांना चाळीस दिवस दूर थोपविण्याच्या त्या काळच्या रीतीवरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. पण ह्या खेपेस काहीच उपाय चालेना. तेव्हा ऑक्टोबर १६३० मध्ये डोज आणि सिनेट ह्यांनी नवस केला की साथ हटली तर मरियेच्या नावे भव्य मंदिर बांधू. बाल्दास्सारे लोंगेना ह्या वास्तुकाराने महाकालव्याच्या मुखाशी ते सान्ता मारिया देल्ला सालुते मंदिर उभारले. त्याच्या पायात दहा लाखांहून अधिक खुंट ठोकले आहेत असे परंपरेने सांगतात. १६८७ मध्ये ते पुरे झाले. सालुते म्हणजे आरोग्य.

तो नवस अद्यापि फेडला जातो. दर वर्षी २१ नोव्हेंबरला महाकालव्यावर तात्पुरता पूल घालतात आणि नगरवासी हातात मेणबत्ती घेऊन त्यावरून देवळाकडे जातात. पाऊस असला तर छत्र्यांची रांग लागते. त्या दिवशी घरोघरी खारवलेल्या मेंढ्याच्या मांसाचे आणि कोबीचे कढण शिजते. प्लेगच्या दिवसांत इतर सर्वांनी पाठ फिरविली असता दाल्मेशियाच्या लोकांनी हे मांस पुरविले, ह्याची ती आठवण आहे असे म्हणतात. उन्हाळ्यातील उत्सव प्रवाशांसाठी असतात. हा उत्सव मात्र नगराने स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे, आणि म्हणून त्या दिवशी गर्दीत व्हेनिसची बोलीच अधिक ऐकू येते.

भारतीय मनुष्याला ह्या नगरात आपलाही एक धागा सापडतो. व्हेनिसचे वैभव ज्या मिऱ्यावर उभे होते, ते मिरे मलबारचे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला आणि त्याची वार्ता लिस्बनहून आली, तेव्हा जिरोलामो प्रिउली ह्या व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत नगराच्या विनाशाचे भाकीत करून ठेवले. ते भाकीत तत्काळ खरे ठरले नाही, पण दिशा चुकली नव्हती. ह्या उतरत्या काळातच, १६५३ च्या सुमारास, चौदा वर्षांचा एक मुलगा गलबतात लपून व्हेनिसमधून पळाला. त्याचे नाव निकोलाओ मनुची. तो इराणमार्गे हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला, आणि १६६५ साली मिर्झाराजा जयसिंगाच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरला. त्या छावणीत शिवाजी महाराजांशी आपली गाठ पडली, फारसी व हिंदुस्थानी येत असल्यामुळे त्यांच्याशी अनेकदा बोलणे झाले, आणि युरोपातील राजांच्या सामर्थ्याची माहिती आपण त्यांना दिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने ह्याच मनुचीला संभाजी महाराजांकडे बोलणी करण्यास पाठविले. तो पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. परतले ते त्याचे लिखाण. मोगल दरबाराच्या त्याच्या इतिहासाचे एक हस्तलिखित आज सेंट मार्कच्या चौकालगतच्या मार्चियाना ग्रंथालयात जतन केलेले आहे. मराठ्यांच्या इतिहासातील एका भेटीचा प्रत्यक्ष साक्षीदार म्हणविणारा कागद अशा रीतीने एड्रियाटिकच्या काठी, उधाणाच्या टप्प्यात, ठेवलेला आहे.

आणि हा टप्पा वाढत आहे. मार्घेराच्या कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास जमिनीखालचे पाणी बेसुमार उपसल्यामुळे नगर खचण्याचा वेग वाढला. १९७० नंतर तो उपसा आवरला गेला, पण खचलेली जमीन वर आली नाही. इकडे समुद्राची पातळीही चढतच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरवर गेले आणि ओहोटीची वेळ टळूनही ते उतरेना. अठराव्या शतकातील बांध काही ठिकाणी फुटले, वीज गेली, आणि तळघरांतील जळाऊ तेल पाण्यावर पसरून भिंतींवर त्याचा काळा पट्टा उमटला. त्यानंतर तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी नगर सोडण्यास आरंभ केला. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी पुन्हा १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले.

ह्या दोन तारखांच्या दरम्यान उपाय शोधण्याचे काम चालूच होते. लगूनच्या तिन्ही तोंडांशी समुद्राच्या तळावर ७८ पोलादी झडपा बसवाव्यात, एरवी त्या आडव्या असाव्यात आणि उधाणाच्या वेळी हवा भरून उभ्या कराव्यात, अशी ही योजना. तिचे काम २००३ साली सुरू झाले; लाचलुचपतीच्या प्रकरणात २०१४ साली अनेकांना अटक झाली; खर्च पाच अब्ज युरोंच्या वर गेला. अखेर ३ ऑक्टोबर २०२० रोजी झडपा प्रथमच खऱ्या उधाणासमोर उभ्या राहिल्या आणि सेंट मार्कचा चौक कोरडा राहिला. पण त्याच वर्षी ८ डिसेंबरला अंदाज चुकला, झडपा खालीच राहिल्या आणि पाणी १३८ सेंटिमीटरवर आले. यंत्र उभे करावे की नाही हे शेवटी मनुष्यालाच ठरवावे लागते. शिवाय झडपा वारंवार बंद ठेवाव्या लागल्या तर बंदराचा व्यवहार अडतो आणि लगूनचे पाणी खेळते राहत नाही. नद्या वळविणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांपुढे जो पेच होता, तोच नव्या रूपाने आजच्यांपुढे आहे. समुद्राला आत येऊ द्यावे तर नगर बुडते, आणि न द्यावे तर ज्या पाण्याने ते जगविले तेच नासते.

तथापि पाण्यापेक्षाही एक ओहोटी अधिक काळजी करण्यासारखी आहे, आणि ती माणसांची. सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसची वस्ती १ लाख ७० हजारांच्या घरात होती. १९५१ साली जुन्या नगरात जवळजवळ पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. घरे पाहुण्यांना भाड्याने जातात, भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते, आणि तरुण मंडळी मुख्य भूमीवर बिऱ्हाड थाटतात. हंगामात हे ध्यानात येत नाही, कारण गल्ल्या माणसांनी भरलेल्या असतात. २०२४ पासून तर वसंत व उन्हाळ्यातील गर्दीच्या काही दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशाकडून प्रवेशमूल्यही घेतले जाऊ लागले.

नोव्हेंबरात हा पडदा दूर होतो. संध्याकाळी कालव्याकाठच्या वाड्यांकडे पाहिले तर किती खिडक्यांत दिवा आहे आणि किती अंधारात आहेत, हे मोजता येते. ज्या खिडकीत दिवा असतो तेथे कोणी तरी भोंग्याचे सूर मोजीत असते, दारात पाटी बसवीत असते, आणि २१ तारखेला मेणबत्ती घेऊन पुलावरून जाणार असते. नगर टिकविण्यासाठी शतकानुशतके झालेली सारी कामे, मग ती चौकाखालची टाकी असोत, वळविलेल्या नद्या असोत, दगडी बांध असोत की पोलादी झडपा असोत, ह्याच माणसांसाठी झाली. नगर पाण्यापासून वाचले तरी त्यात राहणारा मनुष्य उरेल की नाही, हा प्रश्न व्हेनिसपुढे आज उभा आहे. आणि तो समजून घेण्याची इच्छा असलेल्या प्रवाशाने छत्री घेऊन, थोडी गैरसोय सोसून, पावसाच्या दिवसांतच तेथे जाणे बरे.